कुलपातलं पाणी

जमिनीखालचं पाणी कुठं नासलं, कशानं नासलं आणि ते साफ कसं करायचं, ही कामं मी सांभाळते. ऐकायला बरं वाटतं. प्रत्यक्षात माझे दिवस फोनवर आणि फायलींच्या मागं जातात, आणि उरलेले हिंगोली जिल्ह्यातल्या बांधाबांधावर लोकांना 'नाही' म्हणण्यात. आमची बोअरची गाडी रानात शिरली की लोकांना वाटतं, पाणी काढायला आली. आम्ही घाण शोधायला आलोय हे किती घसा फोडून सांगा! कुणीतरी नारळ घेऊन उभं असतंच.

एका फाट्यावर बंद पडलेल्या जुन्या पेट्रोल पंपाची जमिनीत पुरलेली टाकी गळत होती. डिझेल झिरपून जवळच्या विहिरींत उतरलं होतं. ते पुढं कुठवर सरकलंय हे बघायला उताराच्या अंगाला तपासणीची बोअर घ्यायची होती. जागा कुणी देईना. शेवटी दिली एका मावशीनं. ती शेळ्या घेऊन शेतातल्या आखाड्यावर राहायची. आखाडा म्हणजे काय, गोठा आणि त्याला लागून एक पत्र्याची खोली. तिच्या रानात आधी घेतलेल्या बोअरी नुसता फुफाटा उडवून कोरड्या गेल्या होत्या. शेळ्यांना पाणी पाजायला ती रोज लांबच्या नाल्यावर जायची, दुखरे गुडघे धरत धरत.

"खोदा," ती म्हणाली. "पाणी लागलंच तर माझ्या शेळ्यायला द्या. दुसरं काय मागत न्हाई."

"मावशी, ही पाण्याची बोअर नाही. हिला कुलूप लागणार."

"लागू तर द्या आधी!"

आणि लागलं की हो! असा फवारा उडाला की गाडीवरचे लोक, मी, मावशी, सगळे चिंब. तिनं नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं आणि चिखलाच्या हातानं मला मिठीच मारली. मी मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला. पाणी लागलं म्हणजे डिझेलला यायला वाट होती, आणि ही बाई पेढे वाटायच्या गोष्टी करत होती.

बोअरला लोखंडी झाकण बसलं, कुलूप लागलं. तपासणीचा अहवाल आला तेव्हा मी स्वतः सांगायला गेले. पाणी अगदी स्वच्छ होतं.

"मंग काढा कुलूप," ती करडू बांधता बांधता म्हणाली.

तेच तर करता येत नव्हतं. मी तिच्यापाशी उकिडवी बसले. "मावशी, भाताच्या ढिगात मधी आळं केलं तर वरण कुठं जातं?"

"आळ्यात. आन् कुठं जाईल?"

"तसंच आहे हे. तुम्ही इथं मोटर लावून उपसा केला की तिकडचं डिझेल इकडं ओढलं जाणार. टाकी निघू द्या, तिथली जमीन साफ होऊ द्या. मग हे पाणी तुमचंच."

"म्हंजे पाणी चांगलं हाय, म्हणून प्यायचं न्हाई?"

"व्हय," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

तिनं करडाच्या दोरीची गाठ आवळली. "बराबर हाय. थांबते."

आणि खरंच थांबली. लोक चिडवायचे, "मावशे, दारात गंगा आली अन् तिला कुलूप!" कुणी दगडानं कुलूप तोडून द्यायला आला तर ती काठी घेऊन अंगावर जायची. पाणी दारात येणार म्हणून तिनं जवळा बाजार या गावच्या आठवडी बाजारातून आणखी शेळ्या आणल्या.

इकडं माझं काय चाललं होतं? टाकी उकरायला मंजुरी, मंजुरीला बैठक, बैठकीला साहेब, आणि साहेबांची बदली. नवे साहेब पुन्हा पहिल्यापासून विचारणार, "हे डिझेल नक्की कुणाचं?" अहो, कुणाचं का असेना, ते चाललंय पुढं! एका बैठकीत मी आवाज चढवला, तर म्हणाले, मॅडम, चहा घ्या. घेतला चहा. खरं सांगते, आता भांडायचंही त्राण उरत नाही.

नमुना घ्यायला आम्ही अधूनमधून जायचो. नमुन्याच्या आधी बोअरमधलं साचलेलं पाणी थोडं उपसून टाकावं लागतं. अहवाल चांगले येत होते, म्हणून ते मी मावशीच्या घमेल्यात ओतायला सांगायचे. शेळ्या तुटून पडायच्या, आणि लेकरं जेवताना बघावं तशी ती त्यांच्याकडं बघत राहायची. परतताना मलाही वाटायचं, हिचं काम होईल.

या उन्हाळ्यात तिनं असंच घमेलं पुढं केलं. पहिली शेळी आली, तोंड खाली नेलं आणि फुर्र करून मागं सरली. दुसरीनं तर तोंडही लावलं नाही. मावशीनं ओंजळीत पाणी घेऊन नाकाशी नेलं. मला वाकायची गरज पडली नाही, वास उभ्यानंच आला होता.

"मॅडम," ती म्हणाली, "तुमी दिलं त्याच्याबिगर मी एक तांब्या उपसला न्हाई. मोटर लावली न्हाई. लोकायचं ऐकलं न्हाई. मंग काहून आलं?"

तिनं उपसा केला असता तर ते लवकर आलं असतं. केला नाही, म्हणून उताराउतारानं सावकाश आलं. तिच्या थांबण्यानं आम्हाला वेळ मिळाला होता, आणि टाकी अजून तिथंच होती. हे सगळं सांगायला तोंड उघडलं, पण बाहेर पडलं एवढंच, "मावशी, तुमचं काही चुकलं नाही."

"ते मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "कुणाचं चुकलं ते इचारून राहिले मी."

मी घमेल्यातलं पाणी आमच्या कॅनमध्ये भरून घेतलं आणि झाकणाला कुलूप लावलं. मान वर केली तेव्हा ती शेळ्या घेऊन नाल्याच्या वाटेला लागली होती.