आडनावासकट पाठवलेला कोड

"कोडमध्ये मराठी? ये किसने लिखवाया?"

समीर सरांनी पडद्यावर बोट ठेवलं आणि सगळी लॅब हसली. पडद्यावर चिचगडच्या एका मुलीचा प्रोग्राम होता. कोणती ओळ काय करते, हे तिने प्रोग्राममध्येच मराठीत टिपून ठेवलं होतं. फाइल सेव्ह केली की कोड लिहायचा एडिटर तो आपोआप नीट मांडतो, लांब ओळी मोडून खाली घेतो. तिची ओळ मोडताना त्याने अक्षरच मोडलं. अक्षर वर राहिलं, वेलांटी खालच्या ओळीत एकटी पडली.

"माह्यं बरोबर होतं जी सर," ती म्हणाली. "सेव्ह केलं का तुटते."

मी म्हणालो, "मराठीत लिहायला मीच सांगितलं."

सर हसतच म्हणाले, "तुम्हा लोकांना प्रत्येक ठिकाणी वेगळी सोय लागते, ना?"

तुम्हा लोकांना म्हणजे कोणाला, ते सगळ्यांना कळलं. त्या मुलीलाही. मी मान खाली घातली आणि प्रोजेक्टर बंद केला.

मी फुलचूरजवळच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात लॅब असिस्टंट होतो. देवरीकडचा. आजोबांच्या पिढीत घर बौद्ध झालेलं. समीर सर पुण्यात शिकून आलेले, संस्थाचालकांचे पुतणे, माझ्याहून बरेच लहान. तो एडिटर मुक्त होता, म्हणजे त्याचा कोड कोणीही वाचावा, दुरुस्त करून पाठवावा. सांभाळणारे लोक तपासून घेतात. सरांच्या दुरुस्त्या त्यात घेतल्या गेल्या होत्या, त्याही याच मांडणीच्या भागात. कॉलेजच्या फाटकावर त्यांचा फोटो लागला होता.

मी जळत होतो. खरं तेच लिहितो. पगारावर नाही, गाडीवर नाही. एडिटर सांभाळणाऱ्या परदेशातल्या माणसांना ते सरळ लिहायचे, "मला हे पटत नाही." त्या वाक्यावर मी जळायचो. मला ते वाक्य माझ्या साहेबासमोर मराठीतही बोलता आलं नव्हतं.

मी त्यांच्या दुरुस्त्या एकेक काढून वाचल्या. चूक शोधायला. काम चांगलं होतं. कंस कुठे संपतो, पुढची ओळ किती आत सरकते, सगळं स्वच्छ. वाईट असतं तर झोप लागली असती.

बायको म्हणाली, "कायले जळून राहिले जी त्याच्यावर? तुमाले येत नाही का?"

"येते."

"मंग करा ना!"

केलं. काही आठवडे सुट्टीच्या दिवशी लॅब उघडून बसलो. ओळ कुठे मोडते ती जागा सापडली. मराठी अक्षर आणि त्याची मात्रा वेगळी होऊ नये, अशी दुरुस्ती लिहिली. मुलीची फाइल सेव्ह केली. अक्षर शाबूत राहिलं.

सरांना ते कळलं. त्यांनी स्टाफरूममध्ये बोलावलं, स्वतः खुर्ची दिली.

"बढिया है. पण तुमचं इंग्लिश कच्चं आहे, तिथे कोणी उत्तर देणार नाही. मला द्या. मी माझ्या अकाउंटवरून टाकतो. खाली तुमचे आभार लिहितो."

मोह झाला. त्यांच्या नावाला तिथे वजन होतं, मुलांचं काम लवकर झालं असतं. आणि मला आतून बरंही वाटलं, त्या माणसाला माझी वस्तू हवी होती म्हणून. मी हो म्हणायच्या बेतात होतो. मग ते म्हणाले, "तसंही तुमच्या अकाउंटवर पूर्ण नाव कुठे आहे?"

खरं होतं. मी आडनाव लिहिलं नव्हतं. जगात कोणालाही कळू नये म्हणून. हजारो मैलांवरच्या माणसाला माझ्या आडनावाचा अर्थ काय कळणार होता? तरी लपवलं होतं. सरांनी ते पाहून ठेवलं होतं.

"नाही सर," मी म्हणालो. "माझं काम माझ्या नावानं जाईल."

"आणि नाही घेतलं तर?"

"तर माझ्या नावानं परत येईल."

त्यांनी खांदे उडवले. त्याच दिवशी मी अकाउंटवर आडनाव लिहिलं आणि काम पाठवलं.

ते परतच आलं. एडिटर सांभाळणाऱ्या एका बाईने लिहिलं होतं: तुम्ही फक्त एका लिपीच्या काना-मात्रांची यादी हाताने लिहिली आहे; बंगाली, तमिळ, थाई तशीच तुटतील. सरांचा टोमणाच खरा केला की काय मी? स्वतःपुरती सोय करून बाकीच्यांना उघड्यावर सोडलं होतं. त्याची लाज मला आजही आहे. पण तिच्या उत्तरात कोड कुठे चुकला तेवढंच होतं. मी कोण, हे नव्हतं. तोवर चूक दाखवणं आणि पाणउतारा करणं मला एकच वाटायचं. लहानपणापासून दोन्ही एकत्रच मिळालं होतं.

मी कोड पुन्हा लिहिला. आता कुठल्याही लिपीचं अक्षर मोडणार नाही असा. मोडक्या इंग्रजीत तिच्या एका सूचनेवर लिहिलं, "मला हे पटत नाही," आणि कारण दिलं. तिने ते मान्य केलं. दुरुस्ती घेतली गेली.

फाटकावर माझा फोटो लागला नाही. सर त्याबद्दल कधी बोलले नाहीत. मी अजून त्यांच्यावर जळतो. त्यांचं नवं काम स्वीकारलं गेलं की घास कडू लागतो. हे संपलं असं लिहिलं तर ते खोटं होईल.

पण माझं काम मी आता कोणाच्या आभारात जाऊ देणार नाही. समीर सरांचा कोड चांगला असेल तिथे चांगला म्हणेन, दात आवळून म्हणेन. चुकेल तिथे सगळ्यांसमोर लिहीन. आडनावासकट. त्यांना आवडो न आवडो, आता एडिटरच्या एकाच पानावर दोघांची नावं राहतील, आणि माझं मी पुसणार नाही.