सज्जाच्या कठड्यातला एक दांडा

बदलापूर गावातल्या दगडी हॉलचा कठडा काढताहेत असं कळलं आणि मी शाळेत रजा टाकली. मुख्याध्यापकांना तब्येत बरी नाही असं सांगितलं. ते अगदीच खोटं नव्हतं.

हॉल इंग्रज राणीच्या काळातला. काळ्या दगडाच्या भिंती, टोकदार कमानींच्या खिडक्या आणि त्यांच्या माथ्यावर लाल-निळ्या काचा. आत शिरलं की आधी मान वर जायची. छत पेलणाऱ्या सागवानी तुळयांच्या कैच्या इतक्या उंच होत्या की मे महिन्यातसुद्धा खाली पंख्याची आठवण होत नसे. बांधणाऱ्याला इथली हवा कळली होती. कौलांच्या अगदी वर त्याने झडपा ठेवल्या होत्या, गरम हवा तिथून निघून जाई. तीन बाजूंनी लाकडी सज्जा, तो पेलायला ओतीव लोखंडाचे सडपातळ खांब, खांबांच्या डोक्यावर पानं. आमच्या उल्हासनगरात ती पानं आता प्लास्टरची मिळतात, सोनेरी रंग मारून, मॅरेज हॉलसाठी. असो. माझा जीव अडकला होता तो सज्जाच्या कठड्यात. त्यातला एक दांडा बाबांनी केला होता.

बाबा उल्हासनगरच्याच कॅम्प चारमध्ये एका सिंधी शेठच्या कारखान्यात कातारी होते. लेथवर लाकूड फिरवून पलंगाचे पाय, पाळण्याचे दांडे काढायचे. मी पाचवीत असताना हॉलच्या कठड्याचा एक दांडा मोडला आणि ते काम शेठकडे आलं. शेठ म्हणाला, "उस्ताद, उतना ऊपर कौन देखने जाता है? पलंग का पाया लगा दो, पालिश मारो, खलास."

बाबा एरवी शेठला उलटून बोलत नसत. त्या दिवशी बोलले. नमुन्यासाठी त्यांनी मोडक्याच्या शेजारचा दांडा सोडवला आणि आईच्या जुन्या साडीत गुंडाळून आणला. लाकूडही तितकंच जुनं हवं म्हणून पाडलेल्या लष्करी बराकीची सागवानी चौकट शोधून काढली. शेठची कामं उरकून रोज थोडं थोडं करत राहिले. मग एका रविवारी दोन्ही दांडे घरी आणून भिंतीला टेकवून उभे केले.

"ओळखा," म्हणाले.

मी आधी डावा म्हटलं, मग उजवा म्हटलं, मग रडकुंडीला आले. आईने पदराला हात पुसले, दोन्ही दांडे एकेक करून हातात घेतले, फिरवून पाहिले आणि खाली ठेवले.

"छे बाई. मला नाही कळत."

बाबा हसत सुटले. जेवतानाही मध्येच हसत होते. मला नोकरी लागली तेव्हाही ते एवढे खूश झाले नव्हते आणि हे मला अजून थोडं लागतं.

पुढे वक्तृत्व स्पर्धेच्या निमित्ताने मी बाबांसोबत त्या सज्जात बसले. कठड्यावरून हात फिरवत विचारलं, "बाबा, कुठला?" ते म्हणाले, "सांगायचं असतं तर एवढी मेहनत कशाला घेतली असती?" नंतरही विचारत राहिले, ते उडवत राहिले. कधीतरी सांगतीलच असं मी धरून चालले होते. चार वर्षांपूर्वी ते गेले.

हॉलवर पोचले तेव्हा सगळे दांडे खाली फरशीवर ढिगाने पडले होते. वाळवी लागली म्हणून आता तिथे स्टीलचा कठडा येणार होता. मुकादमाला सगळं सांगितलं. तो भला माणूस होता. "घेऊन जा ना ताई. पण एकच हां. बाकीचा माल ट्रकमध्ये चढायचाय, साहेब मोजून घेतात."

एकच. पण कुठला? वाटलं होतं, बाबांच्या दांड्याच्या टोकांना त्यांच्या लेथच्या वेगळ्या खुणा असतील. तर दोन्ही टोकं करवतीने उडवून टाकलेली. इतका संताप आला की कमानीखाली उभी राहून मी त्या मुकादमालाच झापलं, आणि त्याचा काहीही दोष नव्हता.

मग बाबांचंच एक बोलणं आठवलं. जुने दांडे पायाने चालवायच्या लेथवर, नुसत्या नजरेने केलेले, त्यामुळे एकासारखा दुसरा नाही, असं ते मोठ्या आदराने सांगायचे. पण बाबांनी आपला दांडा शेजारच्याला कॅलिपर, म्हणजे जाडी मोजायचा चिमटा, लावून केला होता. म्हणजे एवढ्या ढिगात तंतोतंत सारखे दांडे फक्त दोन असणार. बाबांचा कॅलिपर मी पर्समध्ये घेऊनच आले होते. का, ते विचारू नका. फरशीवर बसून एकेका दांड्याच्या गळ्याला तो लावत गेले. कुठे ढिला पडे, कुठे अडे. अंगावर काचांचा लाल-निळा उजेड सरकत होता. दुपार कलली तेव्हा जोडी सापडली. गळा, पोट, कडी, सगळं सारखं.

दोन्ही मांडीवर घेऊन मी बसून राहिले. निवडताच येईना. मुकादम दोनदा येऊन बघून गेला. तिसऱ्यांदा म्हणाला, "दोन्ही न्या ताई. साहेबांचं मी बघतो." मला रडूच आलं.

घरी आणून दांडे पुसले आणि भिंतीला टेकवून उभे केले, त्या रविवारसारखे. आईला आता नीट दिसत नाही. तिने बसल्या बसल्या दोघांवरून बोटं फिरवली, एकापाशी थांबली.

"हा ह्यांचा."

"कशावरून?"

तिने माझं बोट धरून पोटाच्या खाली टेकवलं. बारीक, गोल, बुजवलेलं भोक लागलं. "बराकीच्या त्या चौकटीच्या खिळ्याचं भोक. लाख भरून बुजवलंय. त्या दिवशीच लागलं होतं हाताला."

"आई! मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"किती खूश होते गं ते," आई म्हणाली. मग भिंतीवरच्या बाबांच्या फोटोकडे तोंड करून तिने आवाज खाली आणला. "आणि तू पण हळू बोल."