घोडीचा होकार

लहानपणी मी फार शहाणी होते, म्हणजे नको तिथे प्रश्न विचारायची. त्यातला एक प्रश्न आमच्या घोडीच्या जिवावर बेतला. हे मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही.

सत्तर सालानंतरची दोन-चार वर्षं असतील. रिठदपासून दोन कोसांवर आमचं गाव आणि गावात जैनाचं एकच घर, आमचं. बाबांचं कापडाचं दुकान होतं. बाजाराच्या दिवशी बाबा घोडीच्या दोन्ही बाजूंना गाठोडी टाकायचे, मध्ये आपण बसायचे आणि रिठद गाठायचे. पावसाळ्यात काळ्या मातीनं सायकलचं चाक दोन हात जाताच जाम व्हायचं, त्यामुळे घोडीशिवाय इलाजच नव्हता. बाबांनी तिला कधी चाबूक लावला नाही. उलट तीच त्यांची चेष्टा करायची. मागून येऊन डोक्यावरची टोपी दातांत धरायची आणि बाबांनी हात पुढे केला की चार पावलं लांब जाऊन उभी राहायची. "दे वं माय," म्हणत बाबा अंगणभर तिच्या मागे. आई म्हणायची, दोघांनाही काही उद्योग नाही. मला मात्र वाटायचं, टोपी घामानं खारट झालेली असते, म्हणून ओढत असेल. जनावराला कसली आलीय गंमत!

एका वर्षी चातुर्मासात वाशीमला एक जैन महाराज होते. आम्ही एस.टी.नं दर्शनाला गेलो. प्रवचन संपलं, महाराजांनी विचारलं, कुणाला काही शंका आहे का. मी बायकांमधून उभी राहिले.

"आपण घोडीवर बसतो ते तिला आवडतं का?"

लोक हसले, महाराज हसले नाहीत. म्हणाले, "बाळ, ज्याला बोलता येत नाही, त्याचा होकार आपण कसा घ्यायचा?" एवढंच. बसू नका, असं काही ते म्हणाले नव्हते. पण पलीकडे पुरुषांमधून बाबा उठले, हात जोडून पुढे गेले आणि जन्मभर घोडीवर न बसण्याचा, तिच्यावर ओझंही न लादण्याचा नेम घेऊन आले. मी हबकलेच. मला फक्त शाबासकी हवी होती. परतताना एस.टी.त आई मला सोडून दुसऱ्या बाकावर जाऊन बसली.

मग गाठोडी गावातल्याच ओळखीच्या एका काकांच्या बैलगाडीतून जाऊ लागली. काका बौद्धवाड्यातले, दोन एकराचे शेतकरी, तोंडानं मोकळे. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "शेटजी, बैलायचा होकार घेतला काय?" बाबा हसले, पण कान लाल झाले. घोडीला गोठ्यात आराम मिळाला. भिजवलेला हरभरा, वर गुळाचा खडा. मला वाटलं, आता ही किती सुखात!

पंधरा दिवसांत तिनं हरभरा सोडला. मग कडब्यालाही तोंड लावीना. बरगड्या दिसायला लागल्या. बाबा मुद्दाम टोपी तिच्या तोंडापुढे धरायचे, ती मान फिरवायची. ढोरांचे डॉक्टर वाशीमहून आले. जीभ पाहिली, पोट दाबलं, खूर उचलून पाहिले, रोग काही सापडला नाही. "असंच राह्यलं तर दिवाळी पाहत नाही हे," असं सांगून ते गेले. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "इचार अजून प्रश्न."

मला जेवण जाईना. अहिंसा आम्ही जन्मापासून शिकलो होतो, आणि आमच्या दारात आमच्याच दयेनं एक जीव मरत होता.

पुढच्या बाजाराला शाळेला सुट्टी होती, म्हणून मी बाबांबरोबर काकांच्या गाडीतून रिठदला गेले. पाल ठोकून झालं. दुपारी बाबा एका बाईला लुगड्याचा काठ उलगडून दाखवत होते. एवढ्यात त्यांच्या डोक्यावरची टोपी उचलली गेली.

मी ओरडलेच. मागे घोडी. गळ्यात तुटलेलं दावं, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि दातांत टोपी. दोन कोस ती एकटी आली होती आणि पालामागच्या कडुलिंबाखाली, तिच्या नेहमीच्या जागेवर, येऊन उभी राहिली होती. बाजार हसायला लागला. बाबांच्या हातातलं लुगडं खाली पडलं.

"कशी आली वं तू? कोनासंग आली?" ते पुन्हा पुन्हा तेच विचारत होते. त्यांनी हात पुढे केला आणि ती चार पावलं लांब गेली. पाय लटपटत होते तिचे, तरी गेली. मिठासाठी कुणी मरणाच्या दारातून दोन कोस येत नाही, एवढं मलाही कळत होतं.

त्या दिवशी तिनं काकांच्या बैलांपुढचा कडबा खाल्ला. "म्या म्हनलं नव्हतं, शेटजी?" काका म्हणाले. "तिले बाजाराले यायचं होतं, बस." खरं तर ते असं काही म्हणाले नव्हते, पण त्या दिवशी कोण वाद घालणार.

परतताना बाबा गाडीत बसले नाहीत, घोडीबरोबर पायी निघाले. मीही उतरले. वाटेत नाल्याकाठी एक सपाट दगड होता. बाबा त्यावर चढून घोडीवर बसायचे. घोडी तिथे थांबली, आडवी वळली आणि दगडाला कूस लावून उभी राहिली.

मागून येणाऱ्या काकांनीही गाडी थांबवली. "चल माय," बाबा म्हणाले. ती हलली नाही.

"बसा शेटजी," काका गाडीतून हळूच म्हणाले. "म्या कोनाले सांगत नाही."

"तुमाले भिऊन नेम घेतला काय म्या?" बाबा इतके कडाडले की बैल दचकले. मग माझ्याकडे वळले. "नेम माहा हाय, तुहा नाही. तू बस. तुलेच इचारायचं होतं ना तिले?"

मी दगडावर चढले आणि तिच्या पाठीवर बसले. तिनं मान मागे वळवली, मला हुंगलं आणि एक पाऊलही टाकलं नाही. टाच मारली, चुचकारलं, काही नाही. मी उतरले, तरी ती तशीच, दगडाला कूस लावून, बाबांकडे बघत. मला वाटलं, जमीन फाटावी.

बाबा दगडावर चढले. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, बराच वेळ तसाच ठेवला, आणि खाली उतरून चालू लागले. मग ती निघाली.

त्यानंतर पाच वर्षं, घोडी होती तोवर, दर बाजारी बाबा रिकाम्या घोडीबरोबर दोन कोस जायचे आणि दोन कोस यायचे, पायी. लोक म्हणायचे, शेटजीचं डोस्कं फिरलं. घोडी खायला लागली, अंग धरलं तिनं, टोप्याही पळवल्या. आणि प्रत्येक वेळी नाल्याशी आली की दगडाला कूस लावून थांबायची. बाबा वर चढून पाठीवर हात ठेवायचे आणि उतरायचे.

होकार ती दर बाजारी देत होती. तो घ्यायचा नाही, एवढंच आमचं ठरलं होतं.