नानांच्या फोटोला हार

ऐका, पण आधी कप खाली ठेवा, नाहीतर चहा सांडेल. नव्वदच्या आसपासची गोष्ट. जळगावात प्लास्टिकच्या चटया विणणाऱ्या एका कारखान्यात मी कामगार अधिकारी होतो. माझ्याएवढा हुशार कामगार अधिकारी अख्ख्या खान्देशात नाही, असं तेव्हा एका माणसाचं ठाम मत होतं. माझं!

आमच्या शेठना एकच काळजी. "माणसं कामाला येतात हो, पण मन घरी ठेवून येतात. काहीतरी करा!"

त्यांनी मला नाशिकला दोन दिवसांच्या शिबिराला धाडलं. परत आलो तो डोक्यात कल्पना घेऊनच. दर महिन्याला उत्तम कामगार निवडायचा आणि त्याचा फोटो फाटकाजवळ लावायचा. उत्साह कसा वाढत नाही, बघतोच!

पहिला मान सुपडूनानांचा. बारा वर्षं एकाच मशीनवर, तोंडातून चकार शब्द नाही. त्यांचा ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून चौकटीत बसवला. शेठच्या हस्ते सत्कार व्हायचा होता, म्हणून फोटोला झेंडूचा हार घातला. पेंटर म्हणाला, "'उत्तम कामगार'ची पाटी दुपारी देतो." वॉचमनला वाटलं, काहीतरी कमी आहे. त्यानं समोर उदबत्ती लावली.

आणि नाना? नेमके रजेवर, एरंडोलकडे आपल्या गावी!

सकाळची पाळी आली आणि फाटकातच थबकली. नानांच्या शेजारच्या मशीनवरच्या लोटनभाऊनं टोपी काढली.

"साहेब, कधी झालं?"

"काल संध्याकाळी."

"असं अचानक? कशानं?"

"अचानक कसलं? कामानं! बारा वर्षं जीव तोडून राबले, त्याचंच हे फळ!"

लोटनच्या डोळ्यांत टचकन पाणी. मी मनात म्हटलं, लागू पडलं की हो शिबिर! मग काय, आवाज चढवला.

"रडताय काय? दर महिन्याला एकाचा नंबर लागणार आहे! मन लावून काम करा, पुढचा फोटो तुमच्यापैकीच कोणाचा तरी!"

समोर वीस माणसं. एकेक करून सगळ्यांनी टोप्या काढल्या.

मी खुशीत आत जाऊन चहा प्यायलो. अर्ध्या तासानं लक्षात आलं, मशीनचा आवाजच नाही! बाहेर धावलो.

"अरे, गेले कुठे सगळे?"

"एरंडोलकडे," वॉचमन म्हणाला. "टेम्पो करून. मातीला."

"कोणाच्या?"

"असं काय करता साहेब? नानांच्या! तुम्हीच सांगितलं ना?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लूना काढली आणि सुटलो. वाटेत एकच विचार, नानांच्या बायकोनं, म्हणजे अक्कांनी, ऐकलं तर त्या माउलीचं काय होईल?

पोचलो तर दारात टेम्पो उभा आणि वीस बाप्ये हुंदके देतायत. सुपडूनाना छपरावर कौलं चाळत बसलेले! खाली वाकून घाबरेघुबरे होऊन विचारतायत, "काय व्हयनं रे भो? कोन गया?"

सगळ्यांनी वर पाहिलं. लोटन तर मटकन खालीच बसला.

नाना शिडीवरून उतरले. मी हात जोडून सगळं सांगितलं. वाटलं, आता खेटर बसतंय. अक्का पदराआड हसत होत्या. नाना मात्र एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "साहेब, मन्हाकरता इतला लोके रडतीन, हाई मले माहीतच नव्हतं!" अक्कांनी सगळ्यांना चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी शेठनी बोलावलं. रागावले नाहीत, तेच जास्त लागलं.

"बारा वर्षांत पहिल्यांदा सगळे कामगार एकदिलानं, एका वेळी, धावत निघाले. तुमच्यामुळे. फक्त कारखान्याच्या बाहेर!"

माझी बदली गोदामात झाली. तयार चटया रचून ठेवायच्या. बोलायचं कोणाशीच नाही.

आणि सांगू का? पुढच्याच महिन्यात कामगारांचा उत्साह खरोखर वाढला. उत्पादनही वाढलं. शेठनी कारण विचारलं, तर म्हणे लोटननं एका वाक्यात सांगितलं, "आता आम्हाला उत्साह द्यायला कोणी येत नाही ना!"