ईडलिंबाच्या कुकीज

सावर्ड्याच्या नाक्यावर मुंबईची गाडी आली, नवऱ्याने बॅगा डिकीत टाकल्या आणि आईने माझ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ईडलिंबू कोंबलंन. आमच्या परसातलंच, मुठीत न मावणारं. "घाटात मळमळलं तर हुंग," म्हणाली. मी विचारलं, "दोह्याहून तुला काय पाठवू?" "मला काय नको गो." एवढं बोलून ती वळली, गाडी सुटेपर्यंतही थांबली नाही. बाबांना जाऊन तेव्हा चारच महिने झाले होते, आणि मी, तिची एकुलती एक, तिला घरात एकटी टाकून नवऱ्याबरोबर आखातात निघाले होते. चार शिव्या घातल्या असत्यान तर बरं वाटलं असतं.

त्याला अकरा वर्षं झाली. दर शुक्रवारी मी फोन करते, "काय पाठवू?" विचारते, आणि तेच उत्तर ऐकते. साडी नको, मोबाइल नको. खजूर पाठवले तर वाडीभर वाटून मोकळी. तुमच्यातले जे बाहेर पडलात त्यांना ठाऊक असेल, मागणाऱ्या माणसांचा वैताग येतो, पण न मागणारं माणूस जीव खातं. ती मागत नाही म्हणजे तिने मला मनातून सोडलंन, असंच मी धरून चालले होते.

इथल्या फ्लॅटमध्ये ओव्हन आयता मिळाला. लेक शाळेतून कुकीजचं खूळ घेऊन आली तेव्हा मोबाइलवर बघून बघून शिकले. बटर, ब्राउन शुगर, मैदा, अंडं, चॉकलेट चिप्स आणि लिंबाची किसलेली साल. सुपरमार्केटातली लिंबं दिसायला देखणी, पण वासाच्या नावाने शंख! म्हणून मी भसाभसा जास्तच किसायची. कुकीज व्हायच्या छान, पण मागाहून कडसर लागायच्या. नवरा गपगुमान खायचा, आणि मी खापर इथल्या लिंबांवर फोडायची.

ह्या मे महिन्यात लेकीला घेऊन घरी गेले. तिचा हट्ट, आजीच्या झाडाच्या लिंबाच्या कुकीज हव्यात. चिप्सची पिशवी मी बरोबर नेलीच होती, पण बॅग राहिली अंगणात उन्हात, आणि चिप्सचा झाला एक गोळा. मी कपाळाला हात लावला. आईने तो गोळा फ्रीजमध्ये टाकलान, आणि घट्ट झाल्यावर विळीवर गूळ चिरतात तसा बारीक चिरून दिलान.

मी ईडलिंबू किसायला घेतलं तर तिने माझा हातच धरलान. "अगो बाय, पांढरं कशाला घेतेस? जहर कडू होतं ते. वरची साल तेवढी घे."

इतकी वर्षं मी दोह्याच्या लिंबांना नावं ठेवत होते!

ओव्हन नव्हता, पण त्यावाचून आमच्याकडे कधी कुणाचं अडलं नाही. दिवाळीला बायका घरून पीठ मळून नेतात आणि बेकरीच्या भट्टीवर नानकटाई भाजून आणतात. आई डबा घेऊन निघाली, मी मागून. तिथे भाजायच्या पत्र्यावर आम्ही कुकीज मांडल्या. भट्टीत पत्र्यांची अदलाबदल होते, म्हणून जिचा पत्रा तिने खूण करायची. आईने कोपऱ्यातल्या कुकीवर बोट दाबून नेहमीची खूण केलीन आणि तिथेच बाकड्यावर बसून राहिली. भट्टीवाले चाचा जुने, थट्टेखोर. "काकी, पिठात मुंग्या पडल्या काय?"

"गप भाजा. माझ्या लेकीची कृती हाय ती."

मी पटकन रस्त्याकडे तोंड फिरवलं. डोळे भरून आले होते आणि चाचांपुढे रडायची मला लाज वाटली.

घरी येऊन तिने चहाबरोबर दोन खाल्ल्यान. "बऱ्या झाल्यात," म्हणाली. तिसरी घेतलीन तेव्हा मी डबाच तिच्यापुढे सरकवला.

निघायच्या दिवशी पुन्हा तोच नाका. ह्या वेळी मी काय पाठवू म्हणून विचारलंच नाही. खरं सांगते, पुन्हा "नको" ऐकायची हिंमत नव्हती. तिने दोन ईडलिंबं दिलीन. "एक घाटात हुंग. दुसरं किस, पांढरं सोडून." मी चढून बसले, गाडी सुरू झाली आणि ती खिडकीशी आली. काचेवर टकटक केलीन.

"पुढच्या खेपेला ते काळे दाणे जास्त आण गो. मला हवेत. वाडीत नाही वाटणार."

गाडी वळेपर्यंत ती नाक्यावर उभी होती.

तुमचं घर कुठलं, असं इथे कुणी विचारलं की पूर्वी मी अडखळायची. आता माझ्या फ्रीजमध्ये चिप्सच्या तीन पिशव्या न फोडता ठेवलेल्या आहेत. लेकीने हात घातला की मी खेकसते, "ठेव त्या. घरी न्यायच्यात."