पाचव्या बाजूचा हात

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. करणी, भूतबाधा असला विषय निघाला की मी चहा घ्यायला उठायचो. या ग्रुपवरचे अनुभवही वर्षानुवर्षं नुसते वाचले, मनातल्या मनात हसलो. आज लिहितोय, कारण हे घरातही कुणाला सांगितलेलं नाही... आणि आता झाकून ठेवणं जमत नाही.

दुष्काळाचं वर्ष होतं. शिरूर कासार तालुक्यातल्या एका गावच्या पाणी सोसायटीसाठी मी एक टेबल बनवलं होतं. टेबल म्हणजे आडवा ठेवलेला मोठा टचस्क्रीन, भोवती पाच वस्त्यांचे पाच जण. समोर गावाचा नकाशा. बोटाने टँकर सरकवायचा, तोंडावर भांडायचं, आणि पटलं की पाचही जणांनी एकदम पंजा टेकवायचा. तरच पाळी पक्की. कल्पना माझी नव्हे — तिथे पूर्वी भंडाऱ्याच्या ताटावर सगळ्यांनी हात ठेवून पाळ्या ठरायच्या. मी फक्त ताटाच्या जागी काच आणली.

पाचवी बाजू धनगरवस्तीच्या सोनाबाईंची. मेंढरं विकून टाकल्यापासून त्या दरसाल ऊसतोडीला जायच्या. उद्घाटनाला पुण्याहून पाहुणे आलेले, आणि काच त्यांचा हात घेईना.

"कावून घेत न्हाई वो सायब? भंडाऱ्यानं तर कवा नकार दिला न्हाई."

समोरच्या बाजूला बसलेले सोसायटीचे चेअरमन हसले. "कोयता धरून धरून कातडं झालंय मावशे तुझ्या हाताचं. काचेला वाटतंय, चप्पलच ठिवली."

सगळे हसले. त्याही हसल्या. मला कारण माहीत होतं. कोरडा, घट्टे पडलेला हात टचस्क्रीनला ओळखू येत नाही; जरा ओला केला की ओळखतो. पाण्याचा ग्लास माझ्या कोपराशीच होता. पण पाहुण्यांसमोर माझ्या टेबलाची खोट दिसली असती... मी म्हणालो, "राहू द्या मावशी. तुमच्या बाजूला चेअरमन ठेवतील हात."

तेवढंच. पुढे दर बैठकीत चेअरमनचे दोन्ही पंजे पडत गेले, धनगरवस्तीची पाळी मागे सरकत गेली, आणि पुण्यात माझ्यासमोर 'सर्वांची संमती' असं हिरव्या अक्षरांत येत राहिलं. मी ते रिपोर्टात लावलं. सोनाबाई बैठकीला यायच्या बंद झाल्या. मग एक दिवस फोन आला — वस्तीवरच्या आडात वाटीनं पाणी खरवडायला उतरल्या होत्या, वरून दरड कोसळली.

टेबल परत आणायला गेलो तेव्हा भर दुपार होती. वायर मी स्वतः काढून गुंडाळली. सोसायटीच्या ऑफिसात मी आणि चेअरमन, दोघंच. कोपऱ्यातला माठही पालथा. काचेवर धुळीचा थर — आणि पाचव्या बाजूला ओला पंजा.

मी रुमालाने पुसला. वायर पिशवीत टाकून वळलो, तर तिथेच पुन्हा. या वेळी कडेने पाणी ओघळत होतं.

मी परत रुमाल काढला. चेअरमननी माझं मनगट धरलं. खाली बघत म्हणाले, "आता तरी ऱ्हाऊ द्या तिचा हात."

दमट हवेने काचेवर पाणी धरतं, असं एक मित्र म्हणाला. त्या उन्हाळ्यात, शिरूरला, दमट हवा...

ज्यांनी सोनाबाईंना आडातून वर काढलं ते सांगतात, आड पार कोरडा होता. मग हाताला पाणी कुठलं? आणि कुठून मिळालंच असेल, तर ते प्यायचं सोडून त्यांनी माझ्या काचेला का लावलं? मला अजून कळलेलं नाही.