बाबांच्या कानातला साचा

आमच्या मजल्यावर सगळ्यांनी मिळून एक चूक केली. प्रेमाने केली, म्हणून तिला चूक म्हणायला कोणी तयार नव्हतं.

बाबा साचेवाले, म्हणजे लूम चालवणारे. शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही अशा खात्यात त्यांची उमर गेली. संपानंतर गिरणी काही वर्षं रडतखडत चालली, मग कायमची बंद झाली. बाबा घरी बसले आणि त्यांची झोप उडाली. "गिरण बंद झाली, पण माझ्या कानातलो साचो बंद होणा नाय," म्हणायचे. डॉक्टर म्हणाला, मनाचे खेळ आहेत. कान गिरणीने खायचे आणि खापर मनावर फोडायचं, हा कुठला न्याय?

तर बाबांसाठी चाळीने शांतता पाळली. रेडिओ बंद, पोरं जिन्यात चपला हातात घेऊन, आई भांडीसुद्धा फडक्यावर ठेवायची. गणपतीत आमचं लालबाग गजबजणार म्हणून त्यांना आत्याकडे, अँटॉप हिलच्या सरकारी क्वार्टरमध्ये नेऊन ठेवलं. तिथे शुकशुकाट. थोड्याच दिवसांत आत्याचा निरोप आला: दादाला घेऊन जा, रात्रभर भिंतीला डोकं टेकून बसतो, बघवत नाही. तिच्या मुलाने तर वेड्यांच्या इस्पितळाची गोष्ट काढली.

आमच्या गिरणी कामगारांच्या मोर्च्यांना येणारी एक मैत्रीण परळला मेंदूवर संशोधन करायची. तिला सांगितलं तर ती माझ्यावरच उखडली. म्हणाली, तू पत्रकं लिहितेस तशा भाषेत सांगते. मेंदूतली एक पेशी दुसरीला निरोप देते तो बहुतेक वेळा ग्लुटामेट नावाच्या रसायनाचा. तो झेलायला दुसरीच्या अंगावर रिसेप्टर असतात, पण त्यांची संख्या कायम नसते. निरोपांचा मारा चालूच राहिला की पेशी काही रिसेप्टर आत ओढून घेते. निरोप आटले की जास्त बाहेर मांडते, बारीकसं काही आलं तरी सुटू नये म्हणून. कान गेलेल्या माणसाच्या मेंदूत असंच काहीसं होत असावं, आणि मग नसलेला आवाजही ऐकू येतो.

"त्यात तुम्ही उरलासुरला आवाजही काढून घेतलात," ती म्हणाली. "शहाणेच आहात."

आईला सोबत घेऊन मी त्याच दुपारी बाबांना परत आणलं. घरी नाही नेलं. सरळ मसाला कांडणाऱ्या मावशीच्या दुकानात नेऊन बाकड्यावर बसवलं. समोर मशिनं धडधडत होती, मिरचीने माझे डोळे वाहत होते. बाबांनी दोन शिंका दिल्या, भिंतीला पाठ टेकली आणि बघता बघता मान टाकली. आई घाबरून हलवायला गेली, मी तिचा हात धरला. बाबांना झोप लागली होती.

साचा कायमचा थांबला असं मी म्हणत नाही. कान गेले ते गेले, आणि त्याचा जाब मी गिरणीमालकांना प्रत्येक पत्रकात विचारते. पण इस्पितळाचं नाव पुन्हा कोणाला काढू दिलं नाही.

त्या दुपारी मिरचीचा घाणा संपला, मशिनं थांबली आणि बाबांनी खाडकन डोळे उघडले. मी मावशीला म्हटलं, पुढचा टाका ना.

"टाकते गो," ती म्हणाली. "पण बापाशीला सांग, घोरू नको. गिऱ्हाईक पळतात."